विंध्याच्या धारेवर, आश्विनात

मुंबई-आग्रा महामार्गाने दक्षिणेकडून माळव्यात येणाऱ्या प्रवाशाला हल्ली विंध्य पर्वत भेटत नाही. रात्रीची बस नर्मदा ओलांडून घाटाला लागते तेव्हा गाडीतले दिवे मालवलेले असतात, आणि डोळे उघडतात ते इंदूरच्या वेशीवर. आपल्या घराघरांतून ‘आमचे पूर्वज घाट चढून इकडे आले’ असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु तो घाट कोठे आहे, त्याच्या माथ्यावर उभे राहिल्यास काय दिसते, हे स्वतः पाहिलेली माणसे उज्जैनच्या मराठी वस्तीत फार थोडी निघतील. मांडूची सहल होते, ओंकारेश्वर-महेश्वरची यात्रा होते. पण ज्या डोंगरधारेमुळे नर्मदा आणि क्षिप्रा एकमेकींना पाठमोऱ्या झाल्या, त्या धारेवरून चार कोस पायी चालावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्या धारेविषयी, आणि तिच्यावर जाण्यासाठी आश्विन महिनाच का निवडावा याविषयी, येथे थोडे सांगावयाचे आहे.

माळव्याचा काठ

उज्जैनहून पाहिले तर माळवा म्हणजे एक विस्तीर्ण सपाटी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर पसरलेली ही काळी जमीन दक्षिणेकडे जावे तसतशी नकळत चढत जाते. इंदूर मागे पडते, महू मागे पडते, तरी चढ असा जाणवत नाही. आणि मग जामच्या परिसरात जमीन एकाएकी संपते. पुढे कडा, आणि कड्याच्या तळाशी सुमारे चारशे मीटर खोल निमाडचा मुलूख. हवा निवळ असेल तर दूरवर नर्मदेच्या खोऱ्याची निळसर रेघ दिसते. म्हणजे उत्तरेकडून येणाऱ्याला विंध्य हा पर्वत वाटतच नाही, तो केवळ काठ वाटतो. दक्षिणेकडून येणाऱ्याला मात्र तीच एक उभी भिंत असते. महाराष्ट्रातून आलेल्या प्रत्येक फौजेला, प्रत्येक तांड्याला, प्रत्येक बिऱ्हाडाला ही भिंत चढूनच माळव्यात पाऊल टाकावे लागले.

या काठाकाठाने ठिकठिकाणी टेकड्या उठलेल्या आहेत. त्यांपैकी मानपूरजवळचे जनापाव, उंची ८५४ मीटर, हे चंबळेचे उगमस्थान. परशुरामाचे जन्मस्थान म्हणूनही त्याची ख्याती असून कार्तिकी पौर्णिमेला तेथे जत्रा भरते. जनापावच्या उत्तर अंगावर पडलेला पावसाचा थेंब चंबळेतून यमुनेला, यमुनेतून गंगेला आणि अखेर पूर्वसमुद्राला मिळतो. धारेच्या दक्षिण अंगावर पडलेला थेंब नर्मदेत जाऊन पश्चिमसमुद्र गाठतो. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला जलविभाजक म्हणतात तो नकाशावर एक तुटक रेघ असतो. येथे तो प्रत्यक्ष पायांखाली असतो.

अगस्तीचा उदय आणि सीमोल्लंघन

विंध्याची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. उंच उंच वाढत चाललेल्या या पर्वताने अगस्ती ऋषींना वाट देण्यासाठी मान लवविली, आणि ‘मी परत येईपर्यंत असाच राहा’ असे सांगून ऋषी दक्षिणेस गेले ते परतलेच नाहीत. या कथेला आकाशाचा आधार आहे. अगस्ती हा दक्षिणेकडचा तारा, रात्रीच्या आकाशात व्याधाखालोखाल तेजस्वी. उन्हाळ्यात तो दिसेनासा होतो आणि पावसाळा सरत आला की पहाटे दक्षिणेला पुन्हा उगवतो. त्याच्या उदयाने गढूळ पाणी निवळते, असा जुना संकेत आहे. उज्जयिनीचे अभिमानस्थान असलेल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त अगस्तीसाठी स्वतंत्र अध्याय दिला आहे आणि उज्जयिनीपुरता हिशेबही सांगितला आहे: सूर्याला कन्या राशीत शिरण्यास सात अंश उरले असता हा तारा दिसू लागतो. आजच्या पंचांगाने ही वेळ सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पहाटे पाचच्या सुमारास घराच्या गच्चीवर जाऊन दक्षिणेकडे पाहावे. क्षितिजापासून फार वर नाही असा एकच ठळक तारा दिसेल, तो अगस्ती. तो ठळकपणे दिसू लागला की डोंगराकडे निघण्याचे दिवस आले असे समजावे.

मराठ्यांचे कालमापनही याहून निराळे नव्हते. चातुर्मास छावणीत काढावयाचा आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघावयाचे, ही रीत केवळ धर्माचार म्हणून पडलेली नाही. आश्विनात नद्यांना उतार मिळू लागतो, काळ्या जमिनीचा चिखल सुकतो, आणि घोड्यांना व बैलांना रानात मुबलक चारा उभा असतो. सन १७२८ मध्ये चिमाजीअप्पा दसऱ्यानंतर सुमारे दीड महिन्याने नर्मदा ओलांडून मांडूच्या बाजूचा घाट चढून वर आले आणि २९ नोव्हेंबर रोजी अमझेऱ्याच्या लढाईत माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर मारला गेला. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, उदाजी पवार ही पुढे माळव्याची घराणी झालेली माणसे त्या फौजेत होती. लागलीच उज्जैनला वेढा पडला. त्या खेपेस शहर हाती लागले नाही, परंतु काही वर्षांतच उज्जैन शिंद्यांचे ठाणे झाले, आणि १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवीपर्यंत ते तसेच राहिले. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले तेही याच काळात. फौजेमागून कारकून आले, भिक्षुक आले, वैद्य, सोनार, शिंपी आले. उज्जैनच्या जुन्या मराठी वस्तीचे मूळ त्या चढणीत आहे.

या घाटवाटांचे सर्वांत देखणे स्मारक म्हणजे जामचा दरवाजा. महेश्वर ही राजधानी निमाडात, आणि मुलूख बहुतांशी वर माळव्यात. त्या दोहोंमधल्या चढणीच्या माथ्यावर अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये हा दगडी दरवाजा बांधविला. महूपासून तो तीसेक किलोमीटरवर, मंडलेश्वरकडे उतरणाऱ्या सडकेला लागूनच आहे. पावसाळ्यातल्या रविवारी तेथे मोठी गर्दी लोटते. परंतु ही गर्दी दरवाजाच्या आवारातच थांबते. तेथून कड्याच्या काठाने दोहों बाजूंस जाणाऱ्या ज्या ढोरवाटा आहेत, त्यांकडे फारसे कोणी वळत नाही.

माजलेले रान

गेल्या आश्विनात आम्ही पाच जण या वाटेने गेलो. आमच्यात सर्वांत धाकटा बारा वर्षांचा आणि सर्वांत थोरले अडुसष्ट वर्षांचे होते. जवळच्या पाड्यावरचा एक वयस्क गुराखी वाट दाखवावयास बरोबर आला. त्याची निमाडी आणि आमची मराठी यांत अंतर इतके थोडे की दुभाष्याची गरज पडली नाही.

पहिली अर्धी घटका वाट स्वच्छ होती. मग गवत आले. प्रथम गुडघ्याएवढे, मग कमरेएवढे, आणि एका सोंडेवर तर बारा वर्षांचा मुलगा त्यात दिसेनासा झाला. त्याच्या डोकीवरची पांढरी टोपी तेवढी पुढे सरकताना दिसे. खाली पायवाट होती, पण ती डोळ्यांना नव्हे, तळव्यांना कळत होती. गुराखी काठीने गवत दोहों बाजूंस सारीत पुढे चालला होता, आणि दर दहा पावलांवर काठी जमिनीवर आपटीत होता. ‘जनावराला सांगायचं, आम्ही आलो,’ असे तो म्हणाला. वाटेवर झाडांच्या दरम्यान मोठ्या कोळ्यांची हातभर रुंद सोनेरी जाळी ताणलेली होती. ती तो तोडीत नसे; काठीने एक टोक उचलून आम्हांला खालून जाऊ देई.

आश्विनातले हे रान पाहण्यासारखे असते. सागाला पांढुरक्या फुलोऱ्याचे तुरे आलेले असतात, आणि त्याच वेळी किडीने खाल्लेल्या कित्येक पानांची नुसती जाळी उरलेली असते. उतारावर तेरड्याची गुलाबी फुले शेवटच्या बहरात असतात. टाकळ्याचे पिवळे ताटवे पायवाटेच्या कडेने उभे असतात. सीताफळाची झुडपे खडकांच्या कपारींतून आपली आपण वाढतात, आणि त्यांची फळे दसरा-दिवाळीच्या सुमारास डोळे उघडू लागतात. पळस, धावडा, सालई, खैर, बेहडा ही झाडे उन्हाळ्यात इतकी उजाड दिसतात की त्यांत जीव आहे की नाही अशी शंका यावी. आता त्यांच्या पानांतून कड्याचा काठही दिसत नाही. म्हणूनच काठापासून चार हात आतल्या अंगाने चालावे लागते.

सगळेच वाढलेले रान सारखे नव्हे, हे मात्र वाटेवर लवकरच ध्यानात येते. गवत हे या धारेचे स्वतःचे वस्त्र आहे. दिवाळीनंतर ते पिवळे पडते, कापले जाते, गुरांच्या पोटात जाते, आणि वाट पुन्हा मोकळी होते. घाणेरीचे तसे नाही. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेतली शोभा म्हणून हिंदुस्थानात आणले गेले आणि सर्व देशाच्या रानांत पसरले. तिला गुरे तोंड लावीत नाहीत, तिच्या गर्द सावलीत गवत व रोपटी वाढत नाहीत, आणि तिची काळी फळे पाखरे खाऊन बी दूरवर टाकीत जातात. जेथे माणसांची व गुरांची वहिवाट थांबली तेथे तिने वाट अशी काही बुजवून टाकली होती की आम्हांला तीनदा वळसा घालावा लागला. गुराख्याने एका ठिकाणी काठी रोखून सांगितले की त्याच्या लहानपणी येथून दोनशे गुरे रोज जात. आता पाड्यावरची पोरे पीथमपूरच्या कारखान्यांत जातात, गुरे थोडी राहिली, आणि तीही सडकेकाठीच चरतात. ‘आणखी पाच वर्षांनी ही वाट मलाही सापडणार नाही, दादा,’ हे तो अगदी सहज बोलला.

एकच कातळ

सोंडेच्या टोकाशी जेथे गवत संपून उघडा खडक लागतो तेथे आम्ही बसलो. हा खडक काळा आहे, पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेला आहे, आणि दोन थरांमध्ये मधूनच तांबड्या मातीची पट्टी आहे. ज्याने सह्याद्रीतला एखादा किल्ला पाहिला असेल त्याला तो ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही. आणि ही ओळख खोटी नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे थरांवर थर बाहेर पडले आणि थिजले; त्याच अग्निजन्य खडकाचे रायगड आणि राजगड झाले, आणि त्याचाच हा विंध्याचा काठ झाला. भोपाळकडचा भीमबेटकेचा विंध्य वालुकाश्माचा, तो निराळा. आपल्या भागातल्या धारेवर मात्र बेसाल्टच आहे, आणि माळव्याची काळी माती ही त्याचीच झीज. देशावरून आलेल्या शेतकऱ्याला येथली जमीन परकी वाटली नसावी. दोनशे वर्षे आपण ‘तिकडचे’ आणि ‘इकडचे’ असा हिशेब मांडीत आलो आहोत. खडकाने असा भेद ठेवलेला नाही.

या खडकाच्या रचनेतच आपल्या नदीचे रहस्य आहे. धारेवर पडलेला पाऊस उघड्या कातळावर पडला तर तासाभरात ओढ्याला मिळून निघून जातो. तोच गवतावर पडला तर पात्यांवरून, मुळांवरून सावकाश खाली झिरपतो, झिजलेल्या मुरमात साठतो, आणि खालच्या घट्ट थराशी अडून आडवा सरकत कोठेतरी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. हे झरे पौषापर्यंत, काही माघापर्यंत वाहतात. नदी पावसाळ्यानंतरही वाहते ती अशा झऱ्यांवर. ज्या दाट रानाने आमची वाट अडविली होती तेच रान पाणीही अडवीत असते.

क्षिप्रा याच विंध्याच्या पाठीवर, इंदूरच्या आग्नेयेस उज्जैनी गावाजवळच्या काकरी बर्डीच्या टेकडीपाशी उगम पावते. पावलोपावली पाणी असलेला मुलूख अशी ज्या माळव्याची ख्याती, त्यातील या नदीचा प्रवाह उन्हाळ्यात तुटू लागला. गेल्या चार-पाच दशकांत नलकूप वाढले, रब्बीच्या पिकांसाठी जमिनीतले पाणी भरमसाट उपसले गेले, आणि उगमाकडची झाडी विरळ झाली. अखेर २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी पंपांनी सुमारे साडेतीनशे मीटर वर चढवून, सुमारे पन्नास किलोमीटर लांबीच्या नळांतून क्षिप्रेच्या उगमाशी सोडण्याची योजना सुरू झाली. २०१६ च्या सिंहस्थात रामघाटावर लक्षावधी लोकांनी स्नान केले ते या पाण्याच्या आधारावर. म्हणजे जी भिंत चढताना आपल्या पूर्वजांच्या बैलांच्या तोंडाला फेस येई, तीच भिंत आता नर्मदेला विजेच्या बळावर चढावी लागत आहे.

ही योजना नसती तर घाट कोरडे राहिले असते, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि विजेचे बिल भरीत नदी वाहती ठेवणे आणि नदीने आपली आपण वाहणे यांत अंतर आहे. २०२८ चा सिंहस्थ आता फार दूर नाही. त्या निमित्ताने घाट बांधले जातील, पूल होतील, रस्ते रुंद होतील. त्याबरोबरच उगमाकडच्या टेकड्यांवर गवत राखणे, घाणेरी उपटून काढणे, ओढ्यांवर लहान बांध घालणे या कामांस खर्च थोडा आणि चिकाटी फार लागते. अशा कामांची मागणी कोणी करावयाची? ज्याने ती टेकडी पाहिली आहे, तोच करील. आम्हांस या पायी भटकंतीचे महत्त्व वाटते ते मुख्यत्वे यासाठी. रामघाटावर रोज जाणाऱ्या माणसाला पाणी कमी झाल्याचे कळते. ते का कमी झाले हे धारेवर गेल्याशिवाय नीट उमगत नाही.

जाणाऱ्यांसाठी

ज्यांना जावेसे वाटेल त्यांच्यासाठी चार सूचना. उज्जैनहून पहाटे निघाल्यास इंदूर-महूवरून साडेआठ-नऊपर्यंत जामला पोहोचता येते. पितृपक्ष संपून हस्ताचा पाऊस उघडला की पुढचे तीन आठवडे उत्तम. चित्रा नक्षत्राचे ऊन मात्र दुपारी चटका देते, म्हणून बारापूर्वी परतीला लागावे. रानात शिरण्यापूर्वी वनखात्याच्या चौकीवर विचारावे आणि गावातला एखादा माहीतगार बरोबर घेऊन त्याला योग्य मोबदला द्यावा. या रानांत बिबट्या आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात महूच्या परिसरात वाघाचाही वावर होता. एकट्यादुकट्याने जाऊ नये, मुले मध्ये ठेवावीत, आणि अंधार पडण्यापूर्वी सडकेवर यावे. महूच्या आसपास लष्कराची गोळीबार-क्षेत्रे आहेत. तेथील फलक ओलांडू नयेत.

अंगभर कपडे, घोट्यावर येणारे बूट आणि हातात काठी असावी. कुसळे व आघाडा कपड्यांना चिकटतात, त्यांचे काही नाही. खाजकुयलीच्या शेंगांना मात्र चुकूनही हात लावू नये. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात भिजवून स्नान करावे. गवतातल्या सूक्ष्म किड्यांच्या चावण्याने स्क्रब टायफस नावाचा ताप येतो, तो पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत अधिक आढळतो. एक-दोन आठवड्यांनी ताप आला, अंगावर कोठे काळी खपली दिसली, तर आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. वेळीच ओळखल्यास त्यावर साधे औषध आहे.

शेवटी एक विनंती. दसऱ्याला आपण आपट्याची पाने वाटतो आणि सीमोल्लंघन म्हणून कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन येतो. मंडळांची संमेलने होतात, कोजागरीला दूध आटते, भेंड्या रंगतात. हे सर्व हवेच. परंतु एखाद्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी मंडळाने एक बस करावी, दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घ्यावी, आणि घरातील आजोबांपासून नातवंडांपर्यंत जेवढ्यांना झेपेल तेवढ्यांनी जामच्या दरवाजापासून धारेवरून तासभर चालून यावे. ज्यांना चालणे होणार नाही त्यांनी दरवाजाच्या सावलीत बसून निमाडकडे पाहावे. आणि ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी एक लहानसा कोयता नेऊन वाटेवरची चार-दोन घाणेरीची झुडपे मुळासकट काढून टाकावीत, अर्थात वनखात्याला आधी विचारून. पुढच्या आश्विनात त्या गुराख्याला वाट शोधावी लागणार नाही.